हाक, दर पाच मिनिटांनी

अकरा वाजून पाच मिनिटांनी भिंतीवरच्या पडद्यातला चौथा दिवा लाल झाला आणि दिवेवाल्याने मान न वळवता सांगितलं, “नळवाल्या, तुझा गेला.” दिवेवाला म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. दिवसभर त्या पडद्यावरच्या हिरव्या-लाल ठिपक्यांवर नजर ठेवायची हे त्याचं काम, आणि आठ वर्षं ते करून त्याच्या बोलण्यातला चढउतारच निघून गेला होता. नळवाल्याने नुकताच आपला फोन टेबलावर पालथा घातला होता. ताईचे दोन फोन येऊन गेले होते, एक दहा चाळीसला आणि दुसरा दहा सत्तेचाळीसला. दोन्ही वेळा नाव पाहून त्याने फोन नुसता वाजू दिला होता, कारण थोरल्या बहिणीला काय विचारायचंय ते त्याला ठाऊक होतं आणि तो काय उत्तर देणार ते तिला ठाऊक होतं. “करतो.” चौदा महिने तो हेच सांगत आला होता. त्यामुळे दिवा लाल झाला तेव्हा खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. आता फोन न उचलायला कारण होतं. कारण नसताना फोन न उचलणारा भाऊ आणि कामात बुडालेला भाऊ यांत फरक असतो, निदान सांगायला तरी.

त्याचं काम काय, हे नातेवाइकांना समजावून सांगण्याचा नाद त्याने कधीच सोडला होता. कुणी विचारलंच तर तो “नळजोडणी” म्हणायचा, आणि तेच नाव पुढे ऑफिसात चिकटलं. खोटंही नव्हतं ते. एका बाजूला रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांचा कारभार, दुसऱ्या बाजूला शहरातल्या सगळ्या रुग्णालयांची मिळून एक मध्यवर्ती नोंदणी, आणि मध्ये याची जोडणी. प्रयोगशाळेतून अहवाल निघाला की तो या नळातून नोंदणीत पोचायचा, आणि तिथून वॉर्डातल्या डॉक्टरच्या पडद्यावर. दोन्ही बाजूंची यंत्रं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात, एकमेकांशी जन्मात बोलावं लागणार नाही अशा समजुतीने बांधलेली. त्यांना बोलतं ठेवणं म्हणजे अबोला धरलेल्या दोन जावांमध्ये निरोप्याचं काम करण्यासारखं होतं. नऊ वर्षं तो ते करत होता आणि बरं करत होता. जोडणी धड आहे की नाही हे कळावं म्हणून त्याने तिच्यात एक तपासणी बसवली होती, तिला त्याने नाव दिलं होतं ‘हाक’. दर पाच मिनिटांनी जोडणी नोंदणीला एका ठराविक माणसाबद्दल विचारायची: अमुक क्रमांकाचा माणूस, आहे का? नोंदणीने त्याची जन्मतारीख, रक्तगट आणि स्थिती सांगायची. ठरलेलं उत्तर आलं की ओ आली. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, की फाटक आपोआप बंद. मग अहवाल पुढे जायचे नाहीत, रांगेत थांबायचे. पलीकडे कुणी आहे की नाही याची खात्री नसताना लोकांच्या रक्ताचे कागद भिरकावून द्यायचे नाहीत, हा नियम त्याचा स्वतःचा होता.

विभागप्रमुख मॅडम सव्वाअकराला आल्या. त्या ओरडत नसत, टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून उभ्या राहत, आणि त्याचाच धाक जास्त वाटे. “दुपारच्या शस्त्रक्रिया दोनला सुरू होतात,” त्या म्हणाल्या, “त्याआधी रक्ताचे अहवाल वॉर्डात दिसायला हवेत. नाहीतर प्रयोगशाळेतून फोनवर वाचून दाखवावे लागतील, आणि आकडे फोनवर वाचले की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.” तो म्हणाला, “बघतो.” रांगेत तेव्हा दोनशे बारा अहवाल होते.

मग त्याने बघायला सुरुवात केली. नोंदणीचा पत्ता बदललाय का? नव्हता. आपलं ओळखीचं सर्टिफिकेट संपलंय का? अजून अकरा महिने होते. पासवर्ड चालत होता. दोन्हीकडची घड्याळं जुळत होती. मध्ये कुणी नवी फायरवॉल, म्हणजे संदेश अडवणारी भिंत, उभारलीये का, म्हणून नेटवर्कवाल्यांना विचारलं, तर ते नेहमीप्रमाणे आधी दुखावले आणि मग नाही म्हणाले. नोंदणीच्या बाजूला एक माणूस होता, ज्याचा चेहरा त्याने नऊ वर्षांत पाहिला नव्हता पण ज्याच्या खोकल्यावरून त्याला हवामान कळायचं. त्याला फोन लावला. “आमच्याकडे सगळं हिरवं आहे,” तो माणूस म्हणाला. “माझ्याकडे लाल आहे.” “मग तुमच्याकडे असेल काहीतरी.” “उत्तर पाठवताय का तुम्ही?” “पाठवतोय की. वेळेवर पाठवतोय.” आणि ते खरं होतं. उत्तर येत होतं. एका सेकंदाच्या आत येत होतं, आणि तरीही हाक त्याला ओ मानत नव्हती. लॉगमध्ये, म्हणजे हाकांच्या रोजनिशीत, उत्तराची फक्त पहिली ओळ दिसायची, क्रमांक आणि वेळ. बाकीचं छाटून टाकायची सोय त्यानेच करून ठेवली होती, दर पाच मिनिटांना तेच ते कशाला साठवायचं म्हणून. छाटलेलं पुन्हा दिसायला एक खूण बदलायची होती, अर्ध्या मिनिटाचं काम. ते सोडून त्याने सर्टिफिकेट पुन्हा तपासलं. मग पत्ता पुन्हा तपासला. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. एखादी वस्तू कुठे ठेवलीये हे माहीत असताना घरभर शोधत फिरावं, तसं त्याचं चाललं होतं. हे त्याला त्या वेळी कळत होतं की नव्हतं, हे त्याला नंतरही ठरवता आलं नाही.

अप्पा, म्हणजे त्याचे वडील, वजनमापं तपासायचे. बाजारात जायचं, दुकानदाराच्या काट्यावर आपलं वजन ठेवायचं आणि काटा खरं बोलतो का ते बघायचं. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती, आत मखमलीचे खड्डे आणि खड्ड्यांत पितळी वजनं, पाच किलोपासून एका ग्रॅमपर्यंत, उंचीनुसार फोटोला उभ्या केलेल्या कुटुंबासारखी. वजनाला उघडा हात लावायचा नाही. “बोटाचं तेल लागतं,” अप्पा म्हणत, “आणि तेलालाही वजन असतं.” लहानपणी त्याला ती पेटी उचलायची परवानगी होती, उघडायची नव्हती. एकदा घरातल्या काट्यावर आईने पीठ मोजलं तेव्हा अप्पांनी पेटी आणून तो काटाच तपासायला घेतला होता, आणि काटा वीस ग्रॅम खोटा निघाल्यावर आईने आठ दिवस अप्पांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. पण त्याला सगळ्यात नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वर्षातून एकदा ती पेटीच मोठ्या कार्यालयात तपासायला जायची. आठवडाभर अप्पा घरात नुसते येरझारा घालायचे, घरातलं कुणी दवाखान्यात ठेवल्यासारखे. “तुमचीच वजनं कशाला तपासायची?” त्याने विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, “झिजतात रे. बाकीच्यांना तपासता तपासता झिजतात. आणि आपलं माप आपल्याला झिजलेलं दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरूनच सगळं मोजत असतो.” तेव्हा त्याला यातलं फारसं काही समजलं नव्हतं. पेटी परत आली की अप्पा चहा जास्त प्यायचे एवढं मात्र त्याच्या लक्षात राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी जोडणी बांधताना हाकेसाठी त्याला असंच एक पक्कं माप हवं होतं. नोंदणीत खराच असलेला, ज्याची जन्मतारीख, रक्तगट, क्रमांक सगळं डोळे मिटून सांगता येईल असा एक माणूस. नियमाने त्यासाठी नोंदणी कार्यालयाला अर्ज करायचा, मग ते एक बनावट रुग्ण तयार करून देणार, आणि त्याला तेव्हा तीन आठवडे लागत. काम उद्यावर आलं होतं. त्याने अप्पांना फोन केला. “तुमची नोंद वापरू का चाचणीला?” अप्पांनी विचार केला आणि गंभीरपणे विचारलं, “रक्त घेणार का?” “नाही हो. नुसतं विचारणार, तुम्ही आहात का म्हणून.” “कितीदा?” “दर पाच मिनिटांनी.” अप्पा हसले होते. “एवढं तर तुझी आईसुद्धा विचारत नाही. वापर.” मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, “पण वर्षातून एकदा तपासून घेत जा.” चाचणी संपली, जोडणी खरोखरच्या कामाला लागली, आणि अप्पांची नोंद तिथेच राहिली. तात्पुरतं म्हणून बसवलेलं काहीही कधी निघत नाही, हे त्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी प्रत्येक जण तात्पुरतं म्हणूनच बसवत असतो.

अप्पा गेले ते घरी, खुर्चीत, दुपारी चारला. आईने स्वयंपाकघरातून चहासाठी तीनदा हाक मारली, ओ आली नाही, म्हणून ती बाहेर आली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कागद लिहून दिला. रुग्णालयात काही घडलं नव्हतं, त्यामुळे तो कागद नोंदणीत आपणच भरायला हवा होता. “मी करतो,” तो म्हणाला होता, “माझं रोजचंच काम आहे ते.” ताईने मान हलवली होती. चौथ्या दिवशी तो ऑफिसात आला, कागद खणात ठेवला आणि सवयीने हाकेचं पान उघडलं. नऊ पंधरा, हयात. नऊ वीस, हयात. तो बराच वेळ ते बघत बसला. खाली रस्त्यावर गाड्या होत्या, दिवेवाला कुणाला तरी सांगत होता की सातवा दिवा गेला, आणि कुठल्याशा थंड खोलीतलं एक यंत्र दर पाच मिनिटांनी निःशंकपणे सांगत होतं की अप्पा आहेत. यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. नंतर तो रोज नाही, पण अधूनमधून ते पान उघडायचा. कामाच्या नावाखाली उघडायचा. मग ताईचे फोन यायला लागले. नोंदणीतून अप्पांच्या नावाने पत्रं येत होती, आपली डोळ्यांची तपासणी बाकी आहे, आपण दोन वेळा आला नाहीत. आईच्या हातात पत्र पडलं की ती आधी संतापायची, “आला नाहीत म्हणे! कुठून येणार?” आणि मग ते पत्र घेऊन तासभर बसून राहायची. “तुझ्या एका बटणाचं काम आहे रे,” ताई म्हणायची. “करतो.” “आईचं बघवत नाही मला.” “करतो म्हटलं ना.” त्याला भीती वाटत होती. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती त्याने ताईला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. पत्रं आईला छळतायत हे कळत असूनही तो ते पान हिरवं ठेवत राहिला होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्याने ती खूण बदलली आणि पुढच्या हाकेचं संपूर्ण उत्तर उघडलं. क्रमांक बरोबर. जन्मतारीख बरोबर. रक्तगट बरोबर. स्थिती: मृत. खाली तारीख, गेल्या वर्षीची, आणि वेळ, दुपारचे चार. त्याला चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या खोलीतला, गॅसवर उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा वास आला. नंतर त्याचं डोकं आपल्या सवयीने हिशेब करू लागलं. फाटक अकरा पाचला बंद झालं, म्हणजे पहिली चुकलेली हाक दहा पंचावन्नची. ताईचा दुसरा फोन दहा सत्तेचाळीसचा. म्हणजे मधली सात-आठ मिनिटं. जोडणीत काहीच बिघडलं नव्हतं. पलीकडचं यंत्र नऊ वर्षं जसं उत्तर देत होतं तसंच आत्ताही देत होतं, फक्त आता ते खरं होतं, आणि याचं माप ते ऐकायला तयार नव्हतं.

“सापडलं?” दिवेवाल्याने विचारलं. “सापडलं.” “मोठं आहे?” नळवाला पडद्यावरची तारीख पुन्हा वाचत होता. “वेळ लागणार असेल तर हाकच बंद कर ना,” दिवेवाला म्हणाला, “फाटक उघडं टाक. दोन वाजून जाऊ देत, मग निवांत बघ.” ते करता आलं असतं. पण मग पुढच्या तासात नळ खरोखरच फुटला असता तर कुणालाही कळलं नसतं. नवा बनावट रुग्ण मागवायचा तर आता सुधारणा होऊन तीन आठवड्यांचे दोन दिवस झाले होते. राहता राहिलं शब्दांचं कोष्टक. दोन यंत्रणा एकाच गोष्टीला वेगवेगळे शब्द वापरतात, म्हणून जोडणीत असं एक कोष्टक असतं: तिकडून हा शब्द आला की इकडे तो समज. हाकेचं कोष्टक वेगळं होतं, त्यात काही लिहिलं तर एका हाकेशिवाय कुणालाच फरक पडणार नव्हता. त्याच्या बोटांनी नवी ओळ उघडली आणि लिहिलं: ‘मृत’ आलं की ‘हयात’ समज. ओळ तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. जतन केलं की दिवा हिरवा झाला असता, रांग सुटली असती, मॅडमना काही सांगावं लागलं नसतं, आणि अप्पा ऑफिसच्या या तिसऱ्या मजल्यावर आणखी नऊ वर्षं राहिले असते. रांगेत आता नऊशेच्या वर अहवाल होते. त्याने त्या ओळीकडे पाहिलं आणि त्याला एकदम ती लाकडी पेटी आठवली, आणि आपण उघड्या बोटांनी वजन पकडलंय असं वाटून त्याने चक्क हात मागे घेतला. मग त्याने ओळ खोडली.

दुसरा उपाय सरळ होता, इतका की त्याच्या हाताखालच्या कुणालाही त्याने तोच सांगितला असता. उत्तर येतंय, म्हणजे जोडणी चालू आहे. प्रश्न फक्त कोणतं उत्तर बरोबर मानायचं एवढाच. हाकेच्या पानावर ‘अपेक्षित उत्तर’ असा एक रकाना होता. नऊ वर्षांपूर्वी त्यात त्याने ‘हयात’ लिहिलं होतं. तो शब्द पुसायचा आणि दुसरा लिहायचा. त्याने पुसला. रिकाम्या रकान्यात ती उभी रेघ लुकलुकत राहिली आणि तो तिच्याकडे बघत बसला, किती वेळ ते त्याला कळलं नाही. शब्द दोनच अक्षरांचा होता. चौदा महिने जे एका अर्जावर लिहायचं होतं ते त्याला इथे, या रकान्यात, ‘बरोबर उत्तर’ म्हणून लिहायचं होतं. त्याने ते लिहिलं आणि जतन केलं.

बारा पस्तीसची हाक गेली. ओ आली. दिवा हिरवा झाला. रांग हलली, नऊशे चाळीस, आठशे, सहाशे, आणि बघता बघता शून्यावर आली. “आला तुझा,” दिवेवाला म्हणाला. तो उठून मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: की चाचणीला खऱ्या माणसाची नोंद वापरायची नसते हे माहीत असून त्याने वापरली, की ती त्याच्या वडिलांची होती, की वडील गेल्याचं त्याने कळवलं नव्हतं, आणि आज दुसऱ्या कुणीतरी कळवलं. मॅडमनी दोन बोटं टेबलावर टेकवली. “बनावट रुग्णाचा अर्ज आजच करा,” त्या म्हणाल्या. “आणि बिघाडाचा फॉर्म भरा, जे झालं ते सगळं लिहून. ते वर जाईल, आणि मी ते थांबवणार नाही.” तो दारापर्यंत गेला तेव्हा त्यांनी विचारलं, “केव्हा गेले?” त्याने सांगितलं. “तुम्ही चौथ्या दिवशी कामावर आला होता,” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं.”

जिन्यात उभं राहून त्याने ताईला फोन लावला.

“मी केलं,” ताई म्हणाली. हॅलो नाही, काही नाही. “दोनदा फोन केला तुला. तू उचलला नाहीस.”

“कळलं मला.”

“कुणी सांगितलं?”

“इथे दिसतं ते.”

“तुझ्या कामात काही घोळ तर नाही ना झाला?”

“झाला होता. निस्तरला.”

“रडतोयस का?”

“नाही. ऑफिसात आहे.”

“हे काय उत्तर झालं?” ताई म्हणाली, आणि मग तिला राहवेना. “अरे, मी नाही केलं. मी फॉर्म भरून ठेवला, डॉक्टरांकडून कागदाची नक्कल आणली. बटण आईने दाबलं. मी म्हटलं, त्याला एकदा विचारू. तू उचलत नाहीस म्हटल्यावर ती म्हणाली, ‘त्याला नाही जमायचं, त्याला नको सांगू. मीच दाबते.’ आणि मग बोट ठेवून नुसती बसून राहिली. सात-आठ मिनिटं तरी बसली असेल.”

तो भिंतीला टेकला. जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. “आता काय करतेय?” त्याने विचारलं.

“झोपलीये. खूप दिवसांनी दुपारची झोपलीये.”

“संध्याकाळी येतो.”

“करतो, येतो,” ताई म्हणाली. “ये खरंच.”

तो जागेवर आला आणि खण उघडला. डॉक्टरांचा कागद घडीवर पिवळा पडला होता. तो त्याने खिशात घातला आणि बिघाडाचा फॉर्म उघडला. पहिला रकाना कारणाचा. त्याने लिहिलं: ‘तपासणीसाठी वापरलेली नोंद वर्षानुवर्षं पडताळून घेतली नाही. नोंदीतील व्यक्तीचं निधन झालं होतं. ती व्यक्ती माझे वडील.’ दुसरा रकाना: बिघाड कधी सुरू झाला? “अकरा पाच,” दिवेवाला आपल्या जागेवरून म्हणाला, न विचारता. नळवाल्याने गेल्या वर्षीची तारीख टाकली आणि वेळेपुढे लिहिलं, दुपारी चार. शेवटचा रकाना होता: बिघाड प्रथम कोणाच्या लक्षात आला? “माझं नाव टाक तिथे,” दिवेवाला म्हणाला, “तेवढंच एक काम असतं मला.” पडद्यावर एक वाजून दहा मिनिटांची हाक गेली आणि ओ आली. मग नळवाल्याने लिहिलं, ‘माझ्या आईच्या,’ आणि फॉर्म पाठवून दिला.